स्वभावात बदल

चापट बसली तेव्हा नागरत्नाबाईंच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हात अजिबात थरथरला नाही. गाल पेटलाय हे त्यांना नंतर कळलं, आणि साडीवर कॉफी सांडलीय हे त्याच्याही नंतर. बिंदुमाधवरावांचा उजवा हात खांद्याच्या उंचीवर गेला, तिथं क्षणभर अंदाज घेत थांबला आणि सरळ खाली आला. गेल्या दहा वर्षांत तो हात कुठंच सरळ गेला नव्हता. कारण म्हणाल तर एवढंच, की बाईंनी सवयीनं कॉफी चोचीच्या प्लास्टिकच्या कपात ओतली होती, लहान मुलांना देतात तसल्या. आजारपणात तोच कप चालायचा. आता ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते, बोटं लोटा धरायला लागली होती, आणि टेबलावर तो कप बघून नवऱ्याला अपमान वाटला. "लोट्यात दे," म्हणाले आणि पेपर उघडून बसले. पेपरही हलत नव्हता. बाईंनी फरशी पुसली, फिल्टरमधलं उरलेलं डिकॉक्शन गरम दुधात घातलं आणि स्टीलचा लोटा समोर ठेवला. बाहेर म्हैसूरच्या हुणसूर रस्त्यावर बसगाड्या भोंगे वाजवत चालल्या होत्या. बाईंना ते भोंगे एकाच कानानं ऐकू येत होते, कारण डावा कान गेल्याला एकोणतीस वर्षं होत आली होती.

बिंदुमाधवराव म्हणजे ड्रिलमास्तर. तीस वर्षं एका शाळेत मुलांना रांगेत उभं करायचं काम त्यांनी केलं आणि त्या कामासाठी त्यांना छडी कधी लागली नाही. आजही बाजारात एखादा टक्कल पडलेला बाप्या वाकून पाया पडायचा आणि म्हणायचा, सर, तुमच्या हातचा मार खाल्ला म्हणून माणसात आलो. सर हसायचे, शेजारी भाजीची पिशवी धरून बाईही हसायच्या. तोच मार त्यांनीही खाल्ला होता, पण त्या माणसात आल्या की नाही हे कुणी विचारलं नव्हतं. मग दोन हजार चौदा साली त्या हाताच्या अंगठ्याला कंप सुटला. वर्षभरात तो कोपरापर्यंत चढला. एकदा जेवताना हात उगारला गेला, हवेतच भरकटला आणि भिंतीवर आपटला. दोघांनीही त्या हाताकडे पाहिलं, आणि दोघांनाही एकाच वेळी कळलं की आता हे जमायचं नाही. डॉक्टरांनी पार्किन्सन्स हे नाव सांगितलं तेव्हा साकेत, त्यांचा मुलगा, हमसून रडला. बाईंनी संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि तो कशासाठी लावला हे देवालाही सांगितलं नाही. त्यानंतरची दहा वर्षं त्या पाठ दाराकडे करून स्वयंपाक करू शकल्या. इतकं साधं सुख, पण ते दुसऱ्याच्या दुखण्यातून आलं होतं, म्हणून ते कुणापाशी बोलायची सोय नव्हती.

यंत्र साकेतनं शोधून काढलं. तो सॉफ्टवेअरमधला, कुठं काय नवीन निघालंय याचा त्याला वास लागतो. जयलक्ष्मीपुरममधल्या एका संशोधन केंद्रात अभ्यास चालू होता, त्यात त्यानं वडिलांचं नाव घातलं. छातीच्या कातडीखाली काडेपेटीएवढी डबी, तिच्यातून मानेतनं वर गेलेल्या दोन तारा, आणि तारांची टोकं मेंदूच्या आत. जुनी यंत्रं रात्रंदिवस एकाच जोराची वीज सोडत बसायची. हे नवं मेंदूचं ऐकतं आणि कंप डोकं वर काढायच्या आत विजेचा जोर आपला आपण वाढवतं, गरज सरली की उतरवतं. हे सगळं बाईंना समजावून सांगितलं ते स्पृहानं, तिथल्या इंजिनियर मुलीनं. पुण्याची, चार वर्षांपूर्वी इकडे आलेली, बोलायला गोड. यंत्र पहिल्यांदा चालू केलं त्या दिवशी तिनं टॅबवर बोट फिरवलं आणि बिंदुमाधवरावांचा हात, जो मांडीवर अखंड नाचत असायचा, हळूहळू निजला. साकेत पुन्हा रडला. स्पृहानं टाळ्या वाजवल्या. बाईंचा डावा खांदा मात्र आपोआप वर उचलला गेला आणि कानाला टेकला. अंगाला आधी कळतं, डोक्याला मागाहून. त्या खांद्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि स्पृहानं म्हटलं, काकू, आता खरं काम तुमचं.

काम म्हणजे दोन कामं. दर रविवारी नवऱ्याच्या छातीवर चार्जरची गोल चकती तासभर धरून डबीत वीज भरायची. आणि रोज संध्याकाळी फोनवर डायरी भरायची. पाच प्रश्न, तेही कन्नडमध्ये, कारण बाई शाळा कन्नडमधून शिकल्या होत्या. झोप कशी, चालणं कसं, कंप किती, स्वभावात काही बदल, पडले का. चौथ्या प्रश्नाखाली दोन चौकोन होते, हौदु आणि इल्ल, म्हणजे हो आणि नाही. त्या चापटीच्या संध्याकाळी बाई फोन घेऊन पायरीवर बसल्या आणि चौथ्या प्रश्नापाशी थांबल्या. त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. स्वभावात बदल? लग्न झालं तेव्हा हा माणूस असाच होता. मधली दहा वर्षं हात चालत नव्हता म्हणून स्वभाव बाहेर येत नव्हता, तो गेला कुठं होता? जित्याची खोड. त्यांनी इल्लवर बोट ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात आमटी गार होती म्हणून मनगट पिरगाळलं गेलं, त्या दिवशीही इल्ल. चौथ्या आठवड्यात कपाट उघडं राहिलं म्हणून पाठीत गुद्दा बसला, कण्याच्या डाव्या बाजूला, जिथं श्वास अडकतो तिथं. इल्ल. तिकडे केंद्रात ते इल्ल एकाखाली एक साठत गेले, आणि स्वभाव जागच्या जागी आहे म्हणून स्पृहानं विजेची मर्यादा दर खेपेला थोडी थोडी वाढवली. बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. प्रश्नाला खरं उत्तर दिल्याचं समाधान तेवढं होतं.

मार खाणाऱ्याला मार आठवत नाही, त्याच्या आसपासचं आठवतं. अकरा दिवसांची नवरी असताना डाळीत मीठ राहिलं, त्या दिवसाची तारीख आणि पाटाखाली गेलेला चमचा एवढंच त्यांना आठवतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो त्यांना शब्दशः माहीत होता, कारण शेजार भिंतीला भिंत लागून होता आणि शेजारच्या गोदावरीबाई अशा वेळी रेडिओ मोठा करायच्या. मुलं आवाजानं घाबरू नयेत म्हणून, असं त्याच एकदा म्हणाल्या. शहाण्णवच्या दसऱ्यात, सगळं म्हैसूर रस्त्यावर हत्ती बघायला गेलेलं असताना, उशीर झाला म्हणून कानशिलात बसली आणि डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली. ती तीन दिवस वाजली आणि मग कायमची थांबली. साकेत चार वर्षांचा होता, पलंगाखाली शिरून दोन्ही कानांवर हात ठेवून बसला होता. बाईंना त्याचे नुसते तळपाय दिसत होते, सणाचे नवे मोजे घातलेले. त्या वेळी त्या बहिणीकडे, बन्नूरला वेदवतीकडे गेल्या होत्या. वेदवतीचा ऊस तोडणीला आला होता, घरात माणसांची वर्दळ, तरी ती म्हणाली, राहा इथंच, परत जाऊ नकोस. बाई तेराव्या दिवशी परत आल्या. पोराची शाळा होती, आणि वर्गात ड्रिलमास्तरांचा मुलगा म्हणून त्याचा मान होता.

पण हे सगळं सांगितलं म्हणजे नागरत्नाबाई गरीब गाय ठरल्या असं कुणी समजू नये. त्यांना स्वतःला तसं कधी वाटलं नाही. दोन हजार अठरा साली त्या नवऱ्याला भरवत होत्या. चार घास झाल्यावर बिंदुमाधवरावांनी पाचवा थुंकला आणि शिवी दिली. बाईंच्या हातात उलथनं होतं. त्यांनी ते उलट्या बाजूनं त्या नाचणाऱ्या बोटांवर हाणलं. बोटं नाचतच राहिली. हात वर यायला बघत होता, येत नव्हता, आणि ते धडपडणं बघताना बाईंच्या पोटात काहीतरी गरम आणि गोड उतरलं. त्यांनी पुन्हा हाणलं. दुसऱ्या दिवशी काही कारण नव्हतं तरी हाणलं. आंघोळ घालताना पाण्याचा तांब्या हवा त्याहून गरम ओतला आणि कातडी लाल होताना पाहिली. बिंदुमाधवराव ओरडले नाहीत. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये याची काळजी आता त्यांना होती. असं दोन महिने चाललं आणि एका सकाळी आरशासमोर वेणी घालताना बाईंना स्वतःचा चेहरा अंदाज घेणाऱ्या माणसाचा दिसला. त्यांनी उलथनं जुन्या भांड्यांबरोबर मोडीत टाकून दिलं. नवं आणलं ते लाकडी.

म्हणून गेल्या गुरुवारी दुपारी जे झालं त्याची त्यांना जास्त भीती वाटत होती. यंत्राबरोबर एक रिमोट मिळाला होता, मोबाइलसारखा, अडीअडचणीला घरच्या माणसानं यंत्र बंद-चालू करावं म्हणून. जेवण झालं होतं. बिंदुमाधवरावांनी ताट सरकवलं ते बाईंच्या मांडीवर, आणि केसांना धरून मान खाली दाबली, फरशीवर पडलेलं शीत दाखवायला. मग आरामखुर्चीत जाऊन बसले. बाई उठल्या, फडताळातून रिमोट घेतला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून यंत्र बंद केलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग अंगठा हलला, मग मनगट, मग सगळा हात उसळायला लागला, पाय ताठले, हनुवटी थडथडू लागली. बिंदुमाधवराव खुर्चीतून घसरून जमिनीवर आले आणि तिथं माशासारखे फडफडत राहिले. "रत्ना," ते म्हणाले, "साकु. साकु गं." पुरे, पुरे. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही. त्यांना पुन्हा ते गरम आणि गोड काहीतरी पोटात उतरताना जाणवलं, आणि या वेळी ते गुडघ्यांपर्यंत गेलं. त्यांना वाटलं, आपण हे असंच बघत बसलो तर हा माणूस जीभ चावून मरेल, आणि आपण उठणार नाही. त्यांनी यंत्र चालू केलं. हात निजला. बिंदुमाधवराव उठले, धोतर नीट केलं आणि बाईंपासून लांब, भिंतीला टेकून बसले. त्या संध्याकाळी बाईंनी डायरीत पडले का याला हौदु म्हटलं आणि चौथ्याला इल्ल.

मंगळवारी अकरा वाजता साकेत धरून तिघंही जयलक्ष्मीपुरमला केंद्रात होते. नेहमीची खोली, भिंतीवर पडदा, त्यावर बिंदुमाधवरावांच्या मेंदूतून येणारी हिरवी रेषा. कंप उसळला की रेषा दाटते आणि उंच होते, नाहीतर जवळजवळ सपाट राहते, हे स्पृहानं बाईंना पहिल्याच भेटीत शिकवलं होतं. आज तिनं सांगितलं की विजेची वरची मर्यादा आज कायम करायची. पुढचं वर्षभर यंत्र त्या मर्यादेत आपलं आपण वागेल, पेशंटनं दर महिन्याला यायची गरज नाही. तुमच्यामुळे हे जमलं काकू, ती म्हणाली, एक दिवसही चुकला नाही तुमचा. बाईंनी मान हलवली. गप्प बसलो तर वर्षभर हा सरळ हात. बोललो तर ही पोरगी वीज उतरवेल, हात पुन्हा नाचायला लागेल, पुन्हा भरवणं, पुन्हा आंघोळ, आणि पुन्हा आपला हात. एका बाजूला त्याचा हात, दुसऱ्या बाजूला आपला, आणि दोन्हींची सारखीच भीती. त्यांच्या डाव्या अंगाला नवरा बसला होता, त्याचा श्वास त्यांना ऐकू येत नव्हता. स्पृहा रीतीप्रमाणे पाचही प्रश्न तोंडी विचारत होती. चौथा आला. स्वभावात काही बदल?

"बदल काही नाही," नागरत्नाबाई म्हणाल्या. "मारतात, अष्टे."

म्हणजे एवढंच. स्पृहाचं बोट टॅबवर थांबलं. साकेतनं फोनमधून डोकं वर काढलं. बिंदुमाधवराव म्हणाले, "सुम्मने काहीतरी बडबडू नकोस." उगाच म्हणायचं होतं. आणि त्यांचा हात उठला, खांद्याच्या उंचीवर गेला, अंदाज घेत थांबला, आणि खोलीत परकं माणूस आहे हे ध्यानात येऊन परत गुडघ्यावर आला. बाई हाताकडे पाहत नव्हत्या, पडद्याकडे पाहत होत्या. हिरवी रेषा हललीसुद्धा नाही. हात वर जाताना नाही, थांबताना नाही, खाली येताना नाही. यंत्राच्या दृष्टीनं सगळं उत्तम चाललं होतं.

स्पृहानं खुर्ची जवळ ओढली आणि बाईंचा हात हातात घेतला. मुलगी घाबरली होती, पण तिच्याजवळ उत्तर होतं, आणि उत्तर असलं की शिकलेल्या माणसाला धीर येतो. तिनं सांगितलं की हे माहीत असलेलं आहे. वीज गरजेपेक्षा जास्त झाली की मेंदूचा लगाम सुटतो, काही पेशंट पैसे उधळतात, काही हसत सुटतात, काहींचा हात उठतो. दोष त्यांचा नसतो. मर्यादा उतरवू, दोन आठवड्यांत फरक पडेल. "तुम्ही हे आधी लिहायला हवं होतं, काकू. मी उगाच वाढवत गेले." साकेतनं मोठा श्वास सोडला. खोलीत शिरल्यापासून धरून ठेवला होता की काय कोण जाणे. "तेच म्हणतोय मी," तो म्हणाला, "मशिनमुळे. अप्पा असे नव्हतेच कधी." आणि बिंदुमाधवराव बायकोकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते, खरोखर भरून आले होते. सोंग करायची कला त्यांना कधीच नव्हती. "बघ रत्ना," ते म्हणाले, "मी नव्हे गं. मशिन."

आयुष्यात जेवढे तडाखे बसले त्यांतला एकही नागरत्नाबाईंना इतका लागला नव्हता. आतल्या आत त्यांनी ती खोली फोडून काढली, पडदा ओढून खाली पाडला, नवऱ्याच्या छातीतली डबी तारांसकट उपटून त्या पोरीच्या टेबलावर ठेवली. चार महिन्यांच्या एका डबीनं सव्वीस वर्षं गिळली होती, आणि तिघंही तिचे आभार मानत होते. बाहेरून त्या नुसत्या पदर सारखा करून बसल्या होत्या. स्पृहानं टॅबवर नवा कागद उघडला, दुष्परिणामांचा. औषधाचा किंवा यंत्राचा त्रास झाला की तो भरावा लागतो. तिनं मृदू आवाजात विचारलं, हे कधीपासून सुरू झालं, साधारण तारीख सांगा.

"सतरा मे, एकोणीसशे एकोणनव्वद."

"काकू, यंत्र या जानेवारीत बसवलंय."

"यंत्र जानेवारीत. तू मारायचं विचारलंस."

स्पृहानं तारीख घालून पाहिली. चौकोन लाल झाला. तिनं पुन्हा घातली, पुन्हा लाल झाला. ऑपरेशनच्या आधीची तारीख हे घेत नाही, ती म्हणाली, आणि हे बोलताना ती बाईंकडे बघू शकली नाही.

"मग कागद घे," बाई म्हणाल्या. साकेत अम्मा, अम्मा करत होता, इथं नको, घरी जाऊन बोलू. बाईंनी त्याच्याकडे चांगला उजवा कान वळवला, म्हणजे तोंडही त्याच्याकडे झालं. "दसऱ्याच्या दिवशी तू पलंगाखाली होतास," त्या म्हणाल्या. "नवे मोजे घालून. तेव्हा कुठलं मशिन होतं?" तेहतीस वर्षांच्या त्या गड्यानं हातातला फोन खिशात घातला. बापानं त्याच्याकडे पाहिलं, हात मांडीवर निवांत ठेवून पाहिलं. बाईंना वाटलं, हा आता नाही म्हणेल, आणि मग आपलं खरं म्हणायला कुणी उरणार नाही.

"हौदु," साकेत म्हणाला. "होतो. मी होतो तिथं."

स्पृहानं खणातून कागद काढला आणि पेन शोधलं. बाईंनी पहिली तारीख सांगितली, तिच्यामागून दसऱ्याची. मग थांबून म्हणाल्या, आता माझं लिही. दोन हजार अठरा, उलथन्यानं बोटांवर, आणि आंघोळीचं पाणी. गेला गुरुवार, रिमोट. तेही सगळं लिही, तेही खरंच आहे. बिंदुमाधवराव मान खाली घालून ऐकत होते. वीज किती ठेवायची ते तुम्ही आणि हे ठरवा, बाई पुढे म्हणाल्या. हात चांगला राहिला तर हे आपलं आपण जेवतील, नाही राहिला तर साकेत भरवील. मी त्या घरात जात नाही. बहिणीकडे जायला दीडची बन्नूरची बस आहे. मग त्यांनी स्पृहाच्या कागदावर नजर टाकली, तिथं तीन-चार ओळी झाल्या होत्या, आणि खुर्चीत नीट मागे सरकून बसल्या. बसला अजून दीड तास होता, आणि सांगायच्या तारखा पुष्कळ राहिल्या होत्या.